मशागत आणि राखण

जयपूर शहराच्या ईशान्येस सुमारे तीस किलोमीटरवर, अरवलीच्या टेकड्यांमध्ये बाणगंगा नदी अडवून बांधलेले रामगढचे धरण आहे. महाराजा माधोसिंह यांच्या कारकिर्दीत, १९०३ साली, ते बांधून पुरे झाले. १९३१ पासून जयपूरचे नागरिक त्याचे पाणी पिऊ लागले, आणि १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा नौकांच्या शर्यतींसाठी याच जलाशयाची निवड झाली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे पात्र कोरडे पडले. जयपूर आता टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचे पाणी पिते. रामगढची भिंत शाबूत आहे. ती शत्रूने फोडली नाही की भूकंपाने पाडली नाही. नदी येण्याच्या वाटेवर कोणी बांध घातला, कोणी ओढ्याच्या पात्रात शेत वाढविले, कोणी घर उभारले, कोणी विंधन विहीर आणखी खोल नेली. राजस्थान उच्च न्यायालयाने २०११ साली आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली, तेव्हा पाणलोटातील अतिक्रमणांचा पाढा न्यायालयापुढे वाचला गेला. एकेका माणसाचे कृत्य पाहावे तर लहान; सगळ्यांचे मिळून एक धरण गेले.

जे सर्वांचे आहे त्याची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता महसूल खात्याचा वाटतो. माझ्यासारख्या सरकारी नोकराला तर तो नकाशे, नोंदी आणि नोटिसा यांच्याच भाषेत सुचतो. परंतु नोटिशीला जेथे धार उरत नाही तेथे माणसाला आवरणारे दुसरे काही असावे लागते, आणि राजस्थानात ते काम पुष्कळदा धर्माने केलेले आहे. जांभोजींनी १४८५ साली स्थापन केलेल्या बिश्नोई पंथाच्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी दरबारची माणसे चुन्याच्या भट्टीकरिता खेजडीची झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ माणसांनी झाडांना मिठ्या घालून प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याच्या दिवशी जिचे आपण पूजन करतो, तिच्यासाठी येथील माणसांनी मान दिली. ही कथा येथे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

ख्रिस्ती धर्माविषयी मात्र सुशिक्षितांत नेमका उलट समज आढळतो. तो पसरविण्याचे श्रेय बव्हंशी लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराला द्यावे लागेल. मध्ययुगीन युरोप हा त्यांचा व्यासंगाचा विषय. ‘सायन्स’ या नियतकालिकात १९६७ साली त्यांनी एक लहानसा लेख लिहिला आणि त्यात असे प्रतिपादन केले, की आजच्या निसर्गसंहाराचे मूळ केवळ यंत्रांत नाही, ते पाश्चात्य ख्रिस्ती मनात आहे. बायबलने मनुष्याला सर्व प्राणिमात्रांवर सत्ता दिली, झाडांतल्या आणि झऱ्यांतल्या देवता हुसकावून लावल्या, आणि मग कुऱ्हाड चालविणाऱ्याच्या हाताला कंप सुटण्याचे कारणच उरले नाही. उत्तर युरोपात जो जड नांगर आला, त्याने जमीन नुसती ओरखडली नाही, ती उलथून टाकली. त्या नांगरामागे हे मन होते, असे व्हाइट म्हणतात. हे टीकाकार नास्तिक नव्हते, स्वतः चर्चचे सभासद होते, ही गोष्ट त्यांचा दाखला देणारे बहुधा विसरतात.

हा आरोप मला अर्धा पटतो. वसाहतींच्या काळात ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी जगभर अरण्ये कापली, आणि कापताना त्यांना धर्माची आडकाठी वाटली नाही, हे खरे आहे. परंतु रामगढचे पाणी आटविणाऱ्यांनी बायबल वाचलेले नव्हते. आपल्याकडे नदीला माता म्हणून नैवेद्य दाखविण्यात खंड पडलेला नाही, आणि तिच्यात गटारे सोडण्यातही नाही. तेव्हा ग्रंथात काय लिहिले आहे एवढ्यावरून कोणाचाच निवाडा होत नाही. ग्रंथातल्या कोणत्या शब्दाला माणसांनी धरून ठेवले आणि त्यापायी काय सोसले, हे पाहावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेची ही परीक्षा आपल्या मराठी मुलखात, नगरच्या माळांवर आणि वसईच्या वाड्यांत, अगदी अलीकडे झाली आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी ग्रंथाचा विचार थोडक्यात केला पाहिजे.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, सृष्टीच्या निर्मितीची हकीकत दोनदा येते. पहिल्या अध्यायात देव मनुष्याला पृथ्वी व्यापून ती वश करण्यास आणि जीवांवर सत्ता चालविण्यास सांगतो. व्हाइट यांचा रोख या वचनावर आहे. पण लगेच पुढच्याच वचनात मनुष्याला जे अन्न नेमून दिले आहे ते बीजांचे आणि फळांचे. मांसाची मोकळीक मिळते ती पुढे जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. म्हणजे सत्ता मिळाली त्या दिवशी राजा शाकाहारी होता! दुसऱ्या अध्यायात तर भाषाच बदलते. तेथे मनुष्याला मातीतून घडवून एका बागेत ठेवले जाते, आणि त्याच्याकडे दोन कामे सोपविली जातात. मूळ हिब्रूत त्यांसाठी ‘आबाद’ आणि ‘शामार’ हे धातू आहेत. पहिल्याचा अर्थ कसणे असा आहे, तसाच सेवा करणे असाही आहे. दुसऱ्याचा अर्थ सांभाळणे, पहारा करणे. मराठी बायबलात येथे मशागत आणि राखण असे शब्द येतात, आणि मला वाटते की या ठिकाणी मराठीला फार चांगले शब्द सापडले. राखण म्हणताच आपल्यापुढे माळा उभा राहतो, गोफण येते, रात्रीचा शेकोटीचा उजेड येतो. राखणदार पीक खाऊ शकत नाही असे नाही, चार कणसे तो भाजतोच. पण शेत त्याचे नसते.

ज्या यहुदी नियमशास्त्रावर येशू वाढला, त्यात ही राखण अगदी व्यवहाराच्या पातळीवर आलेली आहे. सातव्या दिवशी मालकाने विसावा घ्यावयाचा, तसा त्याच्या बैलाने आणि गाढवानेही. आपल्या पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याची येथे आठवण होते. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावयाची, आणि तिच्यात आपोआप जे उगवेल ते गरिबांनी व त्यांच्यामागून रानातल्या जनावरांनी खावयाचे. नगराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवावयाची नाही. घरट्यात पिले सापडली तर त्यांच्या आईला धरावयाचे नाही. आणि शेत कापताना कडेकोपरे तसेच राखावयाचे, पडलेला सरवा वेचावयाचा नाही, कारण तो गरिबाचा आणि परक्याचा. रूथ नावाची परदेशी विधवा असाच सरवा वेचीत एका शेतात आली, आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मला.

या सर्व नियमांच्या बुडाशी लेवीय पुस्तकातली एक कल्पना आहे. जमीन देवाची आहे, तुम्ही तिच्यावर उपरे आणि कुळे आहात, म्हणून ती कायमची विकता येणार नाही. सातबाऱ्याचा उतारा ज्याने पाहिला आहे त्याला हे चटकन समजेल. भोगवटादाराच्या रकान्यात देवाचे नाव; मनुष्याचे नाव पलीकडे, जेथे कुळाचे नाव आणि खंड लिहितात तेथे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने द्राक्षमळ्याचा जो दाखला सांगितला, त्याचा अर्थही याच उताऱ्यावर लागतो. मळा खंडाने घेतलेली माणसे खंड मागावयास आलेल्यांना मारतात, आणि शेवटी मालकाच्या मुलालाच ठार करतात, म्हणजे वतन आपले होईल. दाखल्याचा मुख्य अर्थ निराळा आहे हे मला ठाऊक आहे. परंतु कूळ मालक होऊ पाहते तेव्हा काय घडते, हेही त्यात आहेच. मात्र मराठी शेतकऱ्याला हे सांगताना जरा जपून सांगितले पाहिजे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ज्याच्या आजोबांना जमिनीची मालकी मिळाली, त्याला तू कूळच आहेस असे कोणी धर्मग्रंथ हाती घेऊन सांगू लागले, तर त्याचा संताप योग्यच ठरेल. सावकारापुढे तो मालक आहे, आणि असावा. कूळ आहे ते उद्याच्या पिढ्यांपुढे.

ख्रिस्ती परंपरेत राखणदाराच्या जोडीला आणखी एक नाते आहे, भावंडाचे. इटलीतील असिसी गावचा संत फ्रान्सिस हा १२२६ साली वारला. मृत्यूपूर्वी एकदोन वर्षे, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने जे स्तोत्र रचले त्यात सूर्याला भाऊ म्हटले आहे, पाण्याला बहीण म्हटले आहे आणि भूमीला बहीण व आई अशी दोन्ही नाती दिली आहेत. आपल्या तुकोबांनी झाडावेलींना सोयरे मानले. फ्रान्सिस त्यांच्याआधी सुमारे चारशे वर्षे होऊन गेला. गंमत अशी, की व्हाइट यांनी आपल्या आरोपपत्राच्या शेवटी निसर्गरक्षकांचा संत म्हणून याच फ्रान्सिसचे नाव सुचविले होते, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला तो मान अधिकृतपणे दिला. मराठीत या नात्याचा आवाज शोधावयाचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे जावे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि मराठी वाचकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून आपलेसे केले. बाण लागून घरट्याकडे धडपडत निघालेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता किती पिढ्यांनी शाळेत पाठ केली असेल! नियमशास्त्रातल्या त्या घरट्याच्या आईचीच ही मराठी बहीण आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

टिळकांच्या जीवनकार्याचा मोठा भाग ज्या अहमदनगर जिल्ह्यात गेला, त्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे आता वळू. हा पर्जन्यछायेचा मुलूख. दुष्काळ येथे पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा येतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला गोरगरिबांची सेवा करावयास आले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे प्रथम औषध मागितले नाही, पाणी आणि धान्य मागितले. दोघेही डॉक्टर, त्यांनी आरोग्याच्या कामाची सुरुवातच विहिरी आणि शेती यांपासून केली.

याच जिल्ह्यात हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट पाद्री राहत होते. १९४८ साली ते भारतात आले आणि येथलेच झाले. विहिरींसाठी कर्ज, पंपांसाठी मदत अशी कामे त्यांनी पुष्कळ वर्षे केली. पण जमिनीत पाणीच मुरत नसेल तर विहीर खोदून काय मिळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी उभे राहत होते, त्याचा धडा समोर होता. अखेर १९८९ च्या सुमारास बाखर यांच्या पुढाकाराने जर्मन सरकारच्या साहाय्याची पाणलोट विकासाची योजना आकाराला आली. नाबार्ड तीत सामील झाली, आणि १९९३ साली बाखर व त्यांचे सहकारी क्रिस्पिनो लोबो यांनी गावांना त्या कामासाठी तयार करणारी ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली.

योजनेचे तंत्र साधे आहे. काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावयाचे. डोंगराच्या उतारावर समपातळीत आडवे चर खणावयाचे, म्हणजे धावणारे पाणी चालू लागते आणि चालणारे थांबते. त्या चरांच्या भरावावर झाडे आणि गवत लावावयाचे. मग ओघळींत दगडांचे बांध, मग शेतांना ताली, आणि सर्वांत शेवटी नाल्यावरचा मोठा बंधारा. हा क्रम उलटा केला तर बंधारा पहिल्या दोनचार पावसांतच गाळाने भरतो. रामगढला माणसांनी पायथ्याचे बांधकाम उत्तम केले आणि माथ्याकडे शतकभर कोणी पाहिले नाही. अर्थात तेथे दुसरी बाजूही आहे. वरच्या गावांनी आपापले पाणी अडविले तर खालच्या धरणाला काय उरणार, ही तक्रार जयपूरला ऐकू येते आणि ती खोटी नाही. एकाची राखण दुसऱ्याची तहान होऊ शकते; तेव्हा सबंध नदीचा हिशेब एका वहीत मांडावा लागतो.

परंतु योजनेतली खरी अवघड गोष्ट तंत्राची नव्हती. गावाला आधी काही शपथा घ्याव्या लागत. कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाड तोडावयाचे नाही. चराईबंदी, म्हणजे राखलेल्या उतारावर जनावर मोकळे सोडावयाचे नाही. आणि श्रमदान, म्हणजे मजुरीचा काही भाग सोडून द्यावयाचा. ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. एका पाद्र्याने डोंगरालाच उपवासकाळ नेमून दिला, असे म्हणावयास हरकत नाही. ही गावे ख्रिस्ती नव्हती आणि तशी ती व्हावीत हा या योजनेचा हेतू नव्हता. वारी करणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या माणसाला व्रत म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात हे काम झाले. पूर्वी फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत तेथे पिण्याचे पाणी टँकरने येई. काम पुरे झाल्यावर ती पाळी राहिली नाही. विहिरींची पातळी चढली, दुसरे पीक घेता येऊ लागले, मजुरीचे दिवस वाढले. ही हकीकत परदेशांतल्या अभ्यासकांनीही लिहून ठेवली आहे. तिच्यातला एक भाग मात्र सभासमारंभांतून फारसा सांगितला जात नाही. चराईबंदीचा पहिला घाव बसला तो शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या धनगरांवर. ज्याला शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी आले. ज्याला शेत नाही त्याचे कुरण बंद झाले. माळ पाळीपाळीने बंद करावा, कापलेला चारा भूमिहीनांनाही मिळावा, अशा तडजोडी पुष्कळ गावांना काढाव्या लागल्या. शेताचे कडेकोपरे उपऱ्यासाठी सोडण्याचा तो जुना नियम येथे आठवतो. राखण करताना आपण कोणाला उपाशी ठेवीत आहो, हे ज्याने नियम करताना विचारले तो नियमकर्ता शहाणा होता. फादर बाखर २०२१ साली वारले. तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते.

नगरात पाणी नव्हते ते आणावयाचे होते. वसईत होते ते घालवावयाचे नव्हते. ही दुसरी लढाई अधिक कठीण, कारण तिच्यात समोर दुष्काळ नसून पैसा होता.

वसई म्हटली की आपल्याला १७३९ चा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो. किल्ला मराठ्यांकडे आला, पण दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले शेतकरी आणि कोळी आपल्या वाड्यांत आणि पाड्यांत राहिले. त्यांनी धर्म टिकविला, त्याचबरोबर सामवेदीसारख्या आपल्या मराठी बोलीही टिकविल्या. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवून मुंबईच्या बाजाराला पुरविणे हा त्यांचा पिढीजात धंदा. राजेळी केळ्यांची येथली सुकेळी खाल्ली नसतील त्यांनी आवर्जून खावी. या हिरवाईचे रहस्य विहिरींत होते, आणि विहिरींचे रहस्य बावखलांत. बावखल म्हणजे वाडीतले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठावे, हळूहळू मुरावे आणि शेजारच्या विहिरीला मिळावे, अशी ही जुनी रचना आहे.

तिची गरज का होती, हे समजून घेण्यासारखे आहे. वसईच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. अशा भूमीत खालच्या थरांत समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते, आणि पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. दोहोंच्या वजनात फरक फार थोडा, जवळजवळ चाळीसात एक. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात उतरली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे चाळीस हात वर येते. उपसा थोडा वाढला तर विहीर आटत नाही. ती मचूळ होते. आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास वर्षे लागतात. रहाटगाडग्याने पाणी काढणाऱ्या पूर्वजांना हे गणित माहीत नसेल, पण त्यांचा रहाट ते मोडू शकत नव्हता.

१९८० नंतर मुंबई उत्तरेकडे सरकू लागली. नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती इमारती उठल्या, त्यांना नळाचे पाणी नव्हते, आणि वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागू लागले. हिरव्या पट्ट्यातील हजारो हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा सरकारी निर्णय झाला. १९९० मध्ये त्या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले. या सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागी होते एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

दिब्रिटो वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावचे, १९४२ साली जन्मलेले, शेतकऱ्यांच्या वस्तीत वाढलेले. १९८३ पासून ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण वसईच्या माणसाला ते प्रथम आठवतात ते मोर्च्यात चालताना. धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, जमिनीच्या आरक्षणात त्याचे काय काम, असे त्यांना विचारणारे थोडे नव्हते. शासनाच्या बाजूने विचार करण्याची सवय झालेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न अगदीच गैर वाटत नाही. नियोजन हे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु नकाशावर हिरवा रंग पुसून पिवळा भरला जातो तेव्हा विहिरीच्या वतीने बोलावयास त्या खोलीत कोणी बसलेले नसते, हेही मी जाणतो. जो समाज आठवड्यातून एकदा एकत्र जमतो, ज्याच्याजवळ बोलावयास एक व्यासपीठ आणि छापावयास एक मासिक आहे, तो गप्प राहिला असता तर बोलणारे दुसरे कोण होते? समितीच्या लढ्यात हिंदू शेतकरीही उतरले, कारण मचूळ पाणी धर्म विचारून विहिरीत येत नाही.

हा लढा निर्भेळ यशाचा नाही. जमिनी विकणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरी नव्हते असे नाही. दर रविवारी प्रार्थनेला बसणाऱ्यानेच सोमवारी खरेदीखतावर सही केल्याची उदाहरणे वसईत शोधावी लागत नाहीत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तीत जाण्यास नकार देणाऱ्या गावांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. तरी पश्चिमेकडच्या पट्ट्यात आजही वाड्या आहेत, विहिरी आहेत, आणि बावखले बुजवू नयेत म्हणून धडपडणारी तरुण मंडळी आहेत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या सांभाळाविषयी जगाला उद्देशून जे पत्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव असिसीच्या फ्रान्सिसच्या त्या स्तोत्रातूनच घेतलेले आहे. त्यात मशागत आणि राखण या दोन क्रियापदांचा अर्थ उलगडला आहे, स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटला आहे, आणि सृष्टीच्या नासाडीचा मार पहिल्याने गरिबावर पडतो हे पुनःपुन्हा सांगितले आहे. हे पत्र रोमहून निघण्यापूर्वी पंचवीस वर्षे वसईचे शेतकरी आपल्या विहिरींसाठी रस्त्यावर आले होते. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वारले. भर पावसाळ्याचे ते दिवस होते.

मुंबई बेटावर आणि साष्टीत राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा नावाचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. ज्याचे त्याला दिल्यावाचून नवे अन्न खावयाचे नाही, हा त्यातला भाव. आपल्याकडे नव्या पिकाचा पहिला घास देवाला दाखवितात त्यातलाच हा प्रकार. आगेरा अजून होतो, लुगडी नेसून बाया येतात, ताशे वाजतात. मात्र शहरातल्या बहुतेक गावठाणांत आता शेत उरलेले नाही, म्हणून लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात.